जुना ५.१ रिसीव्हर गेला, ४० हजारात कुठला घ्यावा? की साउंडबारवर भागवू?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, संध्याकाळी जवळच कुठेतरी वीज पडली आणि तेव्हापासून होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, मुका झालाय. म्हणजे पूर्ण मेलेला नाहीये, डिस्प्ले लागतो, व्हॉल्यूमचं चाक फिरवलं की आकडे वरखाली होतात, पण टीव्हीचा आवाज येत नाही आणि सेट टॉप बॉक्स त्याच्यातून लावला तर टीव्हीवर नो सिग्नल. सेट टॉप बॉक्सही त्याच दिवशी गेला होता, तो डिशवाल्याने बदलून दिला. रिसीव्हर २०१२ सालचा आहे, कंपनीचं नाव नाही लिहीत, इतकी वर्षं गुमान चालला त्यामुळे तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, विषय संपला.

आता बाकीचं सामान सांगतो. पुढचे दोन बुकशेल्फ, एक सेंटर, मागचे दोन छोटे, सगळे ६ ओमचे, आणि सबवूफर ॲक्टिव्ह म्हणजे त्याची स्वतःची वायर भिंतीत जाते. पाच स्पीकर आणि एक सब, म्हणून ५.१. हे सगळं ठणठणीत आहे. टीव्ही ५५ इंची फोरके, दोन वर्षांपूर्वीचा, त्याच्या एका एचडीएमआय पोर्टवर ईआर्क लिहिलंय, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे जातो. हॉल ११ बाय १४, वर नुसता स्लॅब, फॉल्स सीलिंग नाही आणि बायको करू देणार नाही. बघणं काय तर नेटफ्लिक्स, हॉटस्टार, क्रिकेट, आणि बाबांची फोनवरून ब्लूटूथने नाट्यगीतं. गेमिंग कोणी करत नाही. आईची एकच तक्रार असते की माणसं काय बोलतात ते कळत नाही आणि गाडी फुटली की घर हादरतं.

बजेट ४० हजार, फारच पटलं तर दोन-तीन हजार वर. दोन दुकानांत विचारलं, ५.१ वाले तीस ते चाळीसच्या मधे सांगतात आणि ७.२ वाले साठच्या पुढे. एका दुकानात तर सेल्समन रिसीव्हर दाखवायलाच तयार नव्हता, म्हणे सर आता हे कोणी घेत नाही, साउंडबार घ्या, एक वायर, काम खल्लास. दुसरं म्हणजे आतेभाऊ न्यू जर्सीहून गणपतीला येतोय, तिकडे स्वस्त मिळतात म्हणे, त्याला आणायला सांगू का? सांगा जरा.

वायरमन७८

दादा, आधी खिशातून हात बाहेर काढ. तुझा रिसीव्हर मेलाय का त्याचा फक्त एक कान गेलाय हे बघायला अर्धा तास लागतो आणि पैसे शून्य.

वीज कुठून आली असेल ते बघ. गच्चीवरच्या डिशपासून केबल सरळ घरात, केबल सेट टॉप बॉक्समधे, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमधे. वाटेत जे जे होतं ते पोळलं. एचडीएमआयची चिप ५ व्होल्टच्या आतबाहेर जगणारी नाजूक गोष्ट, ती पहिली जाते. ॲम्प्लिफायरचा भाग, म्हणजे तो जड ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक, त्याला बहुतेक वेळा ढिम्म होत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वीज पडलेल्या डब्यांची हीच कथा असते, पावसाच्या आधी मे मधे आणि परत ऑक्टोबरात रांग लागते.

तर असं कर. सगळ्या एचडीएमआय वायरी काढून टाक, एकही ठेवू नको, कारण मेलेली चिप कधीकधी बाकीच्यालाही अडकवून ठेवते. मग एफएम लाव, नसेल येत तर फोन साध्या ऑक्स वायरीने लाव. आवाज आला की रिमोटवर ऑल चॅनल स्टिरिओ असं काहीतरी असेल ते दाब आणि पाचही स्पीकरजवळ कान लावून फीर. नंतर सेटअपमधला टेस्ट टोन. पाचही बोलले की ॲम्प जिवंत.

मग टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट असेल, चौकोनी भोक, आत लाल दिवा दिसतो. दोन-तीनशेची वायर आण आणि रिसीव्हरच्या ऑप्टिकलमधे घाल. आता इथे नव्वद टक्के लोक चुकतात ते लक्ष देऊन वाच. टीव्हीच्या साउंड सेटिंगमधे डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर, असतं. ऑप्टिकलवरून पीसीएम फक्त दोन चॅनल जातं, मग माणूस म्हणतो मागचे स्पीकर वाजतच नाहीत आणि नवीन डबा घ्यायला पळतो. ते बदलून डॉल्बी डिजिटल किंवा ऑटो कर. नेटफ्लिक्सचा ५.१ डॉल्बी डिजिटल प्लसमधे येतो, तो ऑप्टिकलमधून जसाच्या तसा जात नाही पण टीव्ही बहुतेक त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून पाठवतो, आणि ते पाच अधिक एक चॅनल व्यवस्थित जातं. स्टिक, सेट टॉप सगळं आता टीव्हीलाच लावायचं. काय गमावशील तर ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतो तो प्रकार, जे तुझ्याकडे तसंही नाही, आणि ब्लूरेचे ते मोठे ट्रॅक, जे तू बघत नाहीस.

हे करून सांग, मग पुढचं बोलू.

मेघना_नाशिक

वायरमनदादांनी सांगितलेलं आधी कराच. पण समजा घ्यायचाच झाला तर मी गेल्या वर्षी याच चक्रातून गेलेय म्हणून लिहिते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट साउंडबार. तुमच्याकडे पाच चांगले स्पीकर आणि सब पडलेला असताना साउंडबार घेणं म्हणजे घरात पितळेची परात असताना प्लास्टिकचं ताट विकत आणणं. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना ठीक. आईंच्या तक्रारीवर औषध खरं म्हणजे सेंटर स्पीकरच आहे, सिनेमात बोलणं जवळपास सगळं तिथूनच येतं. रिसीव्हरच्या मेनूत सेंटरची लेव्हल २-३ डीबी वर घ्या आणि नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज नावाचं जे काही असेल ते चालू करा, गाडी फुटल्याचा आवाज खाली येतो आणि कुजबुज वर येते. आमच्या सासूबाई आता सबटायटल बंद करून बघतात.

दुसरं, वॉटच्या आकड्यांना भुलू नका. एक उदाहरण देते. सोनीच्या एसटीआर-डीएच५९० वर १४५ वॉट पर चॅनल लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात बघितलं तर तो आकडा ६ ओमवर, एकाच १ किलोहर्ट्झच्या सुरावर आणि जवळपास एक टक्का विकृती (डिस्टॉर्शन) धरून आहे. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ मात्र ७० वॉट सांगतो, पण तो २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल एकत्र चालू आणि ०.०९ टक्के विकृती धरून. कागदावर एक दुप्पट वाटतो, हॉलमधे तसं काही नाही. आणि खरोखर दुप्पट वॉट असले तरी फरक फक्त ३ डीबीचा, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा. ११ बाय १४ च्या खोलीत तुम्ही एरवी दोन-चार वॉटच्या वर जातच नाही. सब स्वतःच्या विजेवर असल्यामुळे जड काम तो करतो.

तिसरं आर्क आणि ईआर्क. साधा आर्क २००९ मधे एचडीएमआय १.४ बरोबर आला, त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, म्हणजे नेटफ्लिक्स हॉटस्टारला पुरेसं. ईआर्क एचडीएमआय २.१ बरोबर आला, २०१७ मधे, त्यातून ब्लूरेचे मोठे ट्रूएचडी वगैरे ट्रॅक पण जातात. नुसतं ओटीटी बघत असाल तर आर्कवाल्यावरही चालेल, पण दहा वर्षं वापरायचा म्हटलं तर ईआर्क असलेला घ्या, टीव्ही आणि रिसीव्हरमधे ओठ आणि आवाज जुळवायची सोय पण त्यात सक्तीची आहे.

मी शेवटी यामाहा आरएक्स-व्ही४ए घेतला. ५.२, ईआर्क, वायफाय. त्याला ॲटमॉस नाही हे आधीच सांगते, मला माहीत असून घेतला कारण आमच्याही डोक्यावर स्लॅबच आहे. डेनॉनचा एव्हीआर-एस६६०एच त्याच वर्गातला, तोही ५.२ आणि तोही ॲटमॉसशिवाय, तिकडे ऑडिसी आहे यामाहात वायपीएओ आहे, दोन्हीत एक माइक येतो तो खोली मोजून स्पीकर जुळवतो. जो तुमच्या गावात वॉरंटीसकट मिळेल तो घ्या, दोन्हीत मी डावं उजवं करणार नाही.

कानसेन

मेघनाताई चूक. सॉरी पण चूक. एवढे पैसे घालून ॲटमॉस नसलेला रिसीव्हर घेणं म्हणजे आज फोरजी फोन घेण्यासारखं आहे. ५.१.२ साठी, म्हणजे ५.१ अधिक वरचे दोन, सात चॅनल लागतात, तेव्हा डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एच सारखा ७.२ घ्यायचा, नवीन परवडत नसेल तर सेकंडहँड. लोक दोन वर्षांत कंटाळून विकतात, खोक्यासकट मिळतात. छतात भोक नको असेल तर पुढच्या स्पीकरवर ठेवायचे वर तोंड केलेले स्पीकर मिळतात, आवाज स्लॅबवर आपटून खाली येतो, आणि सपाट स्लॅब त्याला उलट चांगलाच. आज नसला लावायचा तर नको लावू पण दार उघडं राहतं.

मेघना_नाशिक

अहो दार उघडं ठेवायला वीस हजार जास्त, वर त्या दोन स्पीकरचे वेगळे, आणि स्लॅबच्या मधोमध पंखा असतो तो तुम्ही विसरलात. आईंना बोलणं ऐकू येत नाही हा प्रश्न आहे, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं पाहिजे हा नाही.

कानसेन

पंखा बाजूला असतो हो. बरं, राहिलं.

जर्सीकर

आतेभावाला आणायला सांगू नका, हे तिकडूनच सांगतोय. इथले डबे १२० व्होल्ट ६० हर्ट्झचे. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं म्हणून सगळं तसंच असेल असं वाटतं, पण रिसीव्हरमधे बहुतेक वेळा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला २३० दिलं की फ्यूज उडालेला बरा, नाहीतर धूर. मग भारतात २३० चं १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, पाचसातशे व्हीएचा, तो स्वतः वीट आहे आणि रात्री शांततेत गुणगुणतो. काही देशांसाठीच्या मॉडेलना मागे व्होल्टेजचा स्विच असतो पण अमेरिकेच्या दुकानात ते मिळत नाहीत. एफएमचं पण नाटक, इथलं ट्यूनिंग ०.२ च्या पायरीने जातं, भारतातली स्टेशनं अर्धी लागत नाहीत. वॉरंटी भारतात चालत नाही ते वेगळंच. आणि आठ किलोचा डबा २३ किलोच्या बॅगेत म्हणजे भावाच्या आईसाठीचं सगळं सामान बाहेर. मी २०१६ मधे माझ्या मेहुण्यासाठी नेला होता, अजून ऐकून घेतो.

सिंहगडरोडकर

वायरमनदादा दंडवत. रविवारी सगळं काढलं. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबलेला होता, वर सेट टॉप बॉक्स आणि त्याच्यावर आईचा गणपती. बाहेर काढला तर मागे एक वाळलेली पाल निघाली, जाळीतून आत अर्धी. ती आधीची का विजेनंतरची माहीत नाही.

एचडीएमआय सगळ्या काढून एफएम लावलं, पाचही स्पीकर बोलले! टेस्ट टोन पण बरोबर, सब पण गुरगुरला. तपकीर गल्लीतून ऑप्टिकल वायर आणली, टीव्हीवर सेटिंग पीसीएमवरच होतं, डॉल्बी डिजिटल केल्याबरोबर मागून आवाज यायला लागले. सेंटर ३ डीबी वर केला आणि आई जेवताना म्हणाली आज काय नवीन आणलंस का.

पण आता खरा घोळ. आधी टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप चालू व्हायचा आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त. ऑप्टिकलवर तसं काहीच नाही, दोन रिमोट, आधी हा चालू मग तो, इनपुट ऑप्टिकलवर. काल दुपारी बाबांनी एफएमवर ठेवलं आणि आई तासभर टीव्ही बिघडला म्हणून बसून होती, मला ऑफिसात तीन फोन. आणि ब्लूटूथ या डब्यात कधीच नव्हतं, एक छोटा रिसीव्हर ऑक्सला लावला होता, तोही वीज पडल्यापासून मेलाय. एक डीटीएसवाला (डॉल्बीसारखाच दुसरा ऑडिओ प्रकार) जुना पेनड्राईव्हमधला सिनेमा लावला तर टीव्ही म्हणतो ऑडिओ चालत नाही.

वायरमन७८

छान. रिमोटचं ते काम सीईसी करतं, ते एचडीएमआयमधूनच जातं, ऑप्टिकल म्हणजे नुसता एकतर्फी उजेड, त्याला चालू हो बंद हो कळत नाही. डीटीएसचं रडगाणं टीव्हीचं आहे. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढलं, एलजीने २०२० ते २०२२ च्या टीव्हीत काढलं होतं. तुझा कुठला आहे ते तू बघ. त्या फाईल थेट रिसीव्हरला एचडीएमआयने दिल्या तरच चालतील, म्हणजे नवीन डबा आला तर.

पालीचं बघ, जाळीवर बारीक मच्छरदाणी आतून लाव पण हवा अडवू नको. आणि बंद कप्प्यात परत ठेवू नको, वर चार बोटं तरी मोकळी पाहिजेत. गणपती दुसरीकडे हलव.

दोन रिमोटचा वैताग असेल तर घे बाबा नवीन, आता निदान कशासाठी घेतोयस ते तुला माहितीये. आई-बाबांच्या रिमोटसाठी आणि ब्लूटूथसाठी. म्हणजे आर्क, सीईसी, ब्लूटूथ असलेला पाच चॅनलचा कुठलाही चालेल, सात चॅनल तुझ्या कामाचे नाहीत.

बेसुर

मी वाचत होतो नुसता, एक विचारायचंय. व्ही४ए म्हणताय तर त्या बॅचला एचडीएमआय २.१ चा लोचा होता ना? पीएस५ आहे माझ्याकडे म्हणून.

मेघना_नाशिक

होता. २०२० च्या शेवटी एचडीएमआय २.१ ची तीच एक चिप वापरलेल्या यामाहा, डेनॉन, मरांट्झ सगळ्यांमधे निघाला. ४के १२० हर्ट्झवर एक्सबॉक्स सिरीज एक्स लावला की काळा पडदा. यामाहाने नंतर फुकट बोर्ड बदलून द्यायची योजना काढली, डेनॉनने बाहेरून लावायचा डबा दिला. गेमिंग असेल तर कन्सोल सरळ टीव्हीला लावा आणि ईआर्कने आवाज खाली आणा, प्रश्नच येत नाही. सिंहगडरोडकरांना तर याचा काहीच संबंध नाही.

सिंहगडरोडकर

घेतला. आरएक्स-व्ही४ए, वॉरंटीसकट, बजेटच्या हजार-दीड हजार वर गेला पण बसवून दिला. कानसेनसाहेब रागावू नका, ७.२ वाला दुकानात ऐकला, खरंच भारी होता, पण घरी येऊन वर बघितलं तर पंखा मधोमधच आहे.

एक एचडीएमआय टीव्हीच्या ईआर्कमधे, स्टिक आणि सेट टॉप टीव्हीला. सीईसी टीव्हीत बंद होतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते त्यामुळे शोधायला वेळ गेला, ते चालू केल्यावर एका रिमोटवर सगळं. बाबांचं ब्लूटूथ पण लागलं. जुना डबा फेकला नाही, बेडरूममधे दोन स्पीकर लावून एफएमसाठी ठेवलाय.

वायपीएओ तीनदा करावं लागलं. पहिल्यांदा पंखा चालू राहिला, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली आणि मशीनने मागचा डावा स्पीकर २१ फुटांवर आहे असं ठरवलं, हॉलच १४ फुटाचा. तिसऱ्यांदा दुपारी दोन वाजता सगळ्यांना बेडरूममधे बसवून केलं तेव्हा बरोबर आलं. आता एकच शंका, त्याने पुढचे स्पीकर लार्ज, म्हणजे खालचा बासही स्वतःच वाजवणारे, धरलेत, ते तसंच ठेवू का?

मेघना_नाशिक

नको. बुकशेल्फ आहेत ना, सगळे स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. खालचं सगळं सबकडे जाऊ दे. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला होतात का? ट्रायपॉडवर ठेवायचा असतो, कानाच्या उंचीला.

सिंहगडरोडकर

डब्यांच्या थप्पीवर ठेवला होता, वर पोळपाट. चालेल ना?

वायरमन७८

चालेल. पावसाच्या आधी डिशची वायर सेट टॉपमधून काढून ठेवत जा, स्पाइक बस्टरच्या भरवशावर राहू नको, ती वायर त्याच्यातून जातच नाही.